सावलीला सावली राहू द्या

पाऊस तोंडावर आला की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी ट्रायपॉड उभे राहू लागतात. पाचनईच्या वाटेनं दुपारीच वर आलेले फोटोग्राफर कड्याच्या काठापासून अंतर राखून जागा धरतात, कॅमेऱ्याची पातळी बघतात आणि मग बराच वेळ कोणी फारसं बोलत नाही. समोर कडा अर्धगोल वळलेला, पोटात आत ओढलेला. खाली बेलपाड्याकडचं रान आधीच अंधारत चाललेलं. पश्चिमेला ढगांच्या फटीतून सूर्य थेट भिंगात उतरतो. निसर्गाचे फोटो खरे किती आणि रंगवलेले किती, हा प्रश्न या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे सोपवला, तेव्हा सुरुवात इथूनच करायचं मी ठरवलं. उजेड आणि अंधार एकमेकांपासून इतके लांब उभे असलेली जागा सह्याद्रीत दुसरी मला माहीत नाही.

शेजारी पुण्याहून आलेला एक तरुण फोटोग्राफर होता. त्यानं पहिला फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागचा पडदा माझ्याकडे वळवला. कडा सुरेख आला होता, कातळावरचे पिवळे-करडे डाग, कपारीतलं वाळलेलं गवत, सगळं दिसत होतं. आकाशाच्या जागी मात्र कोरा पांढरा कागद. ‘‘आकाश उडालं,’’ तो म्हणाला. दुसऱ्या फोटोत त्यानं उजेड कमी घेतला. आता ढगांच्या कडा सोन्यासारख्या झळकत होत्या आणि कडा म्हणजे नुसता काळा आकार झाला होता. ‘‘ताई, डोळ्यांना तर दोन्ही दिसतंय ना? मग मी यातलं काय खरं म्हणू?’’

तो प्रश्न त्यानं सहज विचारला होता. पण हा सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

काळा कातळ, पांढरं आकाश

फोटोग्राफीत उजेड ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट. दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट, पंधरा स्टॉप म्हणजे ३२,७६८ पट. मावळत्या सूर्याजवळचा ढग आणि कड्याच्या पोटातली कपार यांच्यातला फरक पंधरा स्टॉपच्या पुढे सहज जातो. आजचा चांगला फुलफ्रेम कॅमेरा सगळ्यात कमी आयएसओवर चौदा स्टॉपच्या आसपास टिपतो, आणि त्यातले तळाचे स्टॉप दाणेदार, मळकट असतात. जुन्या स्लाइड फिल्मला तर पाच-सहा स्टॉपच झेपायचे.

सह्याद्रीत ही अडचण आणखी बिकट होते, कारण आपला दगड काळा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला हा बेसॉल्ट उजेड गिळतो. पावसानं भिजला की आणखी काळा होतो. त्याच्यावर जुलैतलं आकाश म्हणजे दुधी काचेतून येणारा एकसारखा पांढरा उजेड. राजस्थानच्या वाळूत किंवा लडाखच्या फिकट डोंगरात जमीन स्वतःच उजेड परतवते, त्यामुळे जमीन आणि आकाश यांची जोडी जमते. इथं ती जमत नाही. म्हणून आपल्याकडच्या डोंगरवेड्या फोटोग्राफरांनी एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज तंत्र, इतक्या उत्साहानं उचललं याचं मला नवल वाटत नाही. त्यांना त्याची गरज होती.

तंत्र सांगायला सोपं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, छिद्र आणि फोकस तसाच ठेवायचा आणि शटरचा वेग बदलत एकाच दृश्याचे तीन, पाच किंवा सात फोटो घ्यायचे. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. सगळ्यात काळ्या फोटोत सूर्याभोवतालचे ढग शाबूत असतात, सगळ्यात उजळ फोटोत कपारीतलं गवत. संगणक हे सगळे फोटो जुळवून प्रत्येक ठिकाणी किती उजेड होता याचा एक नकाशा तयार करतो. इथवर खोटं काहीच नाही. उलट एका फोटोपेक्षा अधिक माहिती हाती आलेली असते.

खोटेपणाची शक्यता पुढच्या पायरीवर येते. पंधरा-सतरा स्टॉपचा तो नकाशा दाखवायचा कुठं? चकचकीत फोटोपेपरवर सगळ्यात पांढऱ्या आणि सगळ्यात काळ्या जागेतला फरक साधारण शंभरास एक, म्हणजे साडेसहा स्टॉपच्या जवळपास. सतरा स्टॉप साडेसहात बसवायचे, तर काहीतरी दाबावं लागणार. काय दाबायचं आणि किती, हे माणूस ठरवतो. या दाबण्याला टोनमॅपिंग म्हणतात, आणि वाद आहे तो या टोनमॅपिंगचा.

अडचण जुनी, उपायही जुने

एचडीआर हे संगणकाचं लाडावलेलं बाळ आहे, पूर्वीचे फोटो प्रामाणिक होते, असं म्हणणारे बरेच भेटतात. ते मला पटत नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची छायाचित्रं घेतली. त्या काळच्या कलोडियन काचा निळ्या उजेडाला फार तीव्र प्रतिसाद देत. समुद्रासाठी पुरेसा वेळ दिला की आकाश कोरं पांढरं व्हायचं. ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी अशा दोन घेतल्या आणि क्षितिजरेषेवर जोडून एकच छायाचित्र छापलं. लोक थक्क झाले. त्यांच्या वेगवेगळ्या समुद्रांवर काही वेळा तेच ढग आढळतात, हेही नोंदलेलं आहे. म्हणजे रुंद पल्ला पकडण्याची धडपड आणि दुसरीकडचं आकाश चिकटवण्याचा मोह, दोन्ही एकाच माणसाच्या हातून, एकाच काळात घडले.

ॲन्सेल ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर १९४० च्या आसपास झोन पद्धत बांधली. दृश्यातल्या सगळ्यात गडद सावलीपासून सगळ्यात उजळ जागेपर्यंतचा पल्ला टप्प्यांत वाटायचा, आणि निगेटिव्ह धुताना, छापताना कोणता टप्पा कुठं बसवायचा हे आधीच ठरवायचं. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय त्यांनी १९४१ मध्ये टिपला आणि पुढं कित्येक वर्षं छापत राहिले. सुरुवातीच्या प्रतींत आकाश बऱ्यापैकी उजळ आहे, नंतरच्या प्रतींत ते जवळपास काळं होत गेलं. एकच निगेटिव्ह, पण आकाश निराळं. तरी त्यांना कोणी भडक म्हणत नाही. याचं एक कारण असं, की कृष्णधवल छायाचित्र पाहताना आपण आधीच मान्य केलेलं असतं की जग असं दिसत नाही. रंगीत छायाचित्र मात्र ‘हे असंच होतं’ असा दावा करत समोर येतं. म्हणून रंगीत फोटोवरची जबाबदारी मी जास्त मानते.

मधल्या काळात चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोट टिपण्यासाठी वेगवेगळ्या संवेदनक्षमतेचे तीन थर असलेली फिल्म तयार केली. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांचा शोधनिबंध आला. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. साध्या कॅमेऱ्याच्या अनेक फोटोंतून दृश्यातला खरा उजेड कसा मोजून काढायचा, हे त्या निबंधानं दाखवलं. त्यांना पोस्टकार्डावरचे सूर्यास्त करायचे नव्हते, संगणकानं घडवलेल्या वस्तूंवर खऱ्या जागेचा उजेड पाडायचा होता. २००२ मध्ये टोनमॅपिंगचा एक महत्त्वाचा निबंध आला, तो ॲडम्स यांच्या झोन पद्धतीवरच बेतलेला होता. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये फोटो जोडण्याची सोय आली, फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअर घरोघरी पोचली, आणि स्लायडर सर्वांच्या हाती आला.

स्लायडर कुठं थांबतो

कोकणकड्यावरच्या त्या तरुणानं मला पुण्यातल्या त्याच्या घरी बोलावलं. खिडकीला गडद पडदा, भिंत करडी, टेबलावर रंग जुळवून घेतलेला मॉनिटर. कड्यावरच्या पाच फोटोंवर तो माझ्यासमोर काम करायला बसला.

पहिल्यांदा त्यानं सगळ्या चित्राला एकच नियम लावला. उजळ ते सगळं सारख्याच प्रमाणात दाबलं. चित्र शांत, थोडं सपाट दिसू लागलं. ‘‘हे खरं आहे, पण विकत घेणारा म्हणतो, यात पॉप नाही.’’ मग त्यानं दुसरी पद्धत घेतली. हिच्यात संगणक प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघून त्या त्या भागाचा निर्णय करतो. त्यानं जोर वाढवत नेला, तसा कातळाचा कण न् कण उठून दिसू लागला आणि ढगांना स्नायू फुटले. आणखी पुढं गेल्यावर कड्याच्या धारेला लागून आकाशात एक पांढरी झळ उमटली, कड्याच्या मागं दिवे लावल्यासारखी.

या झळीला हेलो म्हणतात आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कड्याच्या धारेजवळचा आकाशाचा ठिपका जेव्हा संगणक तपासतो, तेव्हा त्याच्या शेजारी त्याला भरपूर काळा कातळ सापडतो. त्यामुळे हा भाग एकंदरीत अंधारा आहे असं धरून तो उजळवतो. जरा लांबच्या आकाशाला शेजारी आकाशच मिळतं, तिथं तो दाबतो. म्हणून धारेजवळ उजळ पट्टा आणि त्याच्या पलीकडे गढूळ करडं आकाश. पांढरेशुभ्र ढग धुराच्या लोटासारखे मळके दिसतात तेही यामुळेच.

रंगांचं गणित वेगळं आहे. सॉफ्टवेअर उजेड दाबताना लाल-हिरव्या-निळ्याचं परस्पर प्रमाण तसंच राखतं. उजेडातला फरक कमी झालेला असतो, रंगांतला फरक पूर्वीइतकाच उरतो, आणि डोळ्यांना सगळं रंगानं ओथंबलेलं भासतं. म्हणजे भडकपणा यायला सॅच्युरेशनचा स्लायडर ओढावाच लागतो असं नाही, तो आपोआपही येतो आणि जाणूनबुजून खाली आणावा लागतो. हे मला त्या दिवशीपर्यंत कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या अनेक भडक फोटोंमागं फसवण्याचा हेतू नसतो. जिथं हात थांबवायचा तिथं डोळा आधीच सरावलेला असतो. तासभर तेच हिरवं पाहिलं की ते फिकं वाटू लागतं, आणि स्लायडर आणखी थोडा सरकतो. म्हणून तो तरुण काम झाल्यावर फोटो तसाच ठेवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो आणि बहुतेक वेळा आदल्या रात्रीचं निम्मं काम मागं घेतो.

त्याच्या संगणकावर एकाच सहलीचे दोन फोल्डर होते, एकाचं नाव ‘क्लायंट’, दुसऱ्याचं ‘माझे’. क्लायंटमधलं गवत पोपटी होतं, माझेमधलं खरोखरच्या जूनमधल्यासारखं, पिवळ्यातून नुकतं हिरव्याकडे वळलेलं. रिसॉर्टवाले, कॅलेंडरवाले पहिल्या फोल्डरचे पैसे देतात. घर त्यावर चालतं. मी त्याला दोष देणार नाही. भडक निसर्गाची आपली आवड त्याच्या जन्माच्या खूप आधीची आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तेव्हापासून भिंतीवरच्या छापील चित्रात गडद, तेजस्वी रंग पाहण्याची आपल्याला सवय आहे. स्लाइड फिल्मच्या काळातही १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया लोकप्रिय झाली, ती हिरवा आणि लाल आहे त्याहून गडद देते म्हणूनच.

छापखान्यात

कॅलेंडरं आणि दिवाळी अंक छापणाऱ्या एका छापखान्यात प्रीप्रेसच्या टेबलाशी मी बराच वेळ बसले. तिथल्या अनुभवी ऑपरेटरकाकांनी पडद्यावर एक दरीचा फोटो उघडला आणि छपाईच्या चार शाईंत तो कसा उतरेल ते दाखवलं. क्षणात ते झगमगतं हिरवं विझलं. मॉनिटर उजेडानं रंग दाखवतो, कागदावर ते काम निळसर आणि पिवळ्या शाईला करावं लागतं, आणि त्या शाईंना जमणाऱ्या हिरव्याची हद्द बरीच अलीकडे संपते. हद्दीबाहेरचे दहा वेगवेगळे हिरवे एकाच हिरव्यावर येऊन आदळतात. गवताची पाती जातात आणि सपाट धब्बा उरतो. काका म्हणाले, ‘‘साधा फोटो द्या, कागदावर तो उठतो. जास्त केलेला फोटो माझ्याकडे येऊन मरतो.’’ फोटोग्राफीच्या कार्यशाळांमध्ये हे वाक्य पहिल्या दिवशी सांगायला हवं.

कासच्या कुंपणाशी

रंगवलेल्या फोटोचं खरं बिल कोण भरतं, ते मला कासला दिसलं.

साताऱ्याहून साधारण पंचवीस किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे जांभ्याचं सपाट पठार आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास होतं. तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथं गर्दी असते. प्रवेशाचं, गाड्यांचं, फुलांपाशी थांबून लक्ष ठेवण्याचं काम आजूबाजूच्या गावांतली माणसं वन विभागाबरोबर करतात.

सप्टेंबरातल्या एका ढगाळ सकाळी मी तिथं लक्ष ठेवणाऱ्या एका मावशींबरोबर फिरले. तेरडा फुलला होता, सोनकी सुरू व्हायची होती. खडकावरच्या ओलीत सीतेची आसवं होती. ती फुलं इतकी लहान, की उभं राहून बघणाऱ्याला नुसती निळसर झाक दिसते, वाकल्यावर फूल सापडतं. गेंदाचे पांढरे गोंडे वाऱ्यावर हलत होते. गुलाबी रंग होता, पण तो हिरव्यातून, मातीतून, धुक्यातून येत होता. जवळ येत होता तसा विरळ होत होता.

मुंबईहून आलेल्या एका कुटुंबानं मोबाइल पुढं केला. ‘‘मावशी, हे कुठं आहे?’’ पडद्यावर क्षितिजापर्यंत पसरलेला अखंड जांभळा गालिचा होता, वर संत्र्याच्या रंगाचं आकाश. मावशींनी शांतपणे समोर बोट दाखवलं, ‘‘हेच की.’’ त्या लोकांचे चेहरे उतरले. फसवले गेलो असं त्यांना वाटलं, आणि राग निघाला तो पठारावर. मावशी सांगत होत्या, दर हंगामात असं होतं. मोबाइलमधला गालिचा शोधत माणसं दोरीच्या आत पाय टाकतात, दाट जागा गाठायला जातात आणि वाटेतली रोपं तुडवतात. पातळ मातीच्या थरावर, खडकाच्या खळग्यांत ही झाडं वर्षातून काही आठवडे जगतात. फूल तुडवलं की बी नाही.

तो गालिचा फक्त संगणकानं केलेला नव्हता, हेही सांगायला हवं. रुंद भिंग जमिनीला टेकवून धरलं की पुढची चार फुलं मागच्या मोकळ्या जागा झाकतात. पण आकाशाचं संत्रं, हिरव्याचा लोप आणि सगळीकडे सारखा पसरलेला उजेड हे टेबलावर केलेलं काम होतं. शिवाय कासवर सतत वारा असतो. पाच फोटोंत फुलांच्या माना पाच जागी असतात, जोडल्यावर भुतासारख्या दुहेरी कडा येतात, त्या पुसताना फुलांचा तपशील जातो. कासला ब्रॅकेटिंगची बहुतेक वेळा गरजही नसते. धुकट ढगाळ दिवशी एकाच रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या मूळ कच्च्या नोंदीत, सगळा पल्ला मावतो.

खिशातलं एचडीआर

आता हे तंत्र वापरायचं की नाही, हा पर्यायही फारसा उरलेला नाही. आयफोनमध्ये ते २०१० मध्ये वेगळं बटण म्हणून आलं. पुढं गूगलनं आपल्या फोनमध्ये मुद्दाम कमी उजेडाचे अनेक फोटो भराभर घेऊन त्यांची बेरीज करणारी पद्धत आणली. आज बहुतेक फोन न विचारता हेच करतात. एका पिढीला सावली नसलेले फोटो हेच फोटो वाटू लागले आहेत, याची मला खरी काळजी वाटते. दिलासा देणारी गोष्ट अशी, की नव्या फोनच्या पडद्यांवर उजळ भाग खरोखर जास्त उजळ दाखवता येतो. तिथं सूर्य सूर्यासारखा चमकू शकतो, म्हणून बाकीचं चित्र इतकं पिळावं लागत नाही. कागदाला मात्र ती सोय कधीच मिळणार नाही.

रेघ कुठं ओढायची

‘डोळ्यांना दिसलं तसं दाखवतो,’ हे एचडीआरवाल्यांचं समर्थन अर्धं खरं आहे. डोळा कड्यावर एक क्षण थांबतो, मग ढगाकडे जातो. दर वेळी बाहुली बदलते, डोळ्यातला पडदा जुळवून घेतो, आणि मेंदू त्या तुकड्यांचं एक दृश्य बांधतो. कपारीतलं गवत मलाही दिसलं होतं. पण ते अंधारातलं गवत म्हणूनच दिसलं होतं. फोटोत त्याला ढगाइतकं उजळ केलं, की मी पाहिलेली गोष्ट मोडते.

म्हणून माझ्यापुरती कसोटी अशी आहे: काय किती उजळ, याचा क्रम मोडता कामा नये. पल्ला हवा तेवढा दाबा. मात्र तळ्यातलं आकाशाचं प्रतिबिंब खुद्द आकाशापेक्षा उजळ दिसलं तर तो फोटो खोटा आहे, कारण पाणी मिळालेल्या उजेडाहून जास्त उजेड परत देऊ शकत नाही. सूर्य समोर असताना कड्याची आपल्याकडची बाजू उन्हात न्हालेली असू शकत नाही. पावसाळ्यात एकामागं एक जाणाऱ्या डोंगररांगा फिक्या होत जातात, त्या फिकेपणातच अंतर असतं. शेवटची रांगही पहिलीइतकी गडद केली, की सह्याद्रीची खोली संपते. या गोष्टी ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. उजेड कुठून येतोय एवढं विचारलं तरी पुरतं.

ज्यांना चित्रकाराचं स्वातंत्र्य हवं आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, फक्त तसं सांगावं. स्पर्धांनी यात वाट दाखवली आहे. ब्रिटनमधल्या भूदृश्य छायाचित्रांच्या एका मोठ्या स्पर्धेनं २०१२ मध्ये मर्यादेबाहेरच्या फेरफारामुळे विजेत्याचा मान काढून घेतला होता. २०२१ मध्ये सुरू झालेली नॅचरल लँडस्केप फोटोग्राफी अवॉर्ड्स ही स्पर्धा तर मूळ रॉ फाइल तपासूनच निकाल देते. तिथं अनेक फोटो जोडायला बंदी नाही, जे नव्हतं ते आणायला आहे.

आपल्याकडे कॅलेंडर काढणाऱ्यांनी, पर्यटनाची पत्रकं छापणाऱ्यांनी आणि आम्हा अंकवाल्यांनी एवढं तरी सुरू करावं: फोटो घेताना सोबत रॉ फाइल मागावी, आणि फोटोखाली जागा, महिना, वेळ आणि किती एक्स्पोजर जोडले ते एका ओळीत छापावं. आणि वाचकांनो, तुम्ही कासला जाणार असाल तर फोनमधला गालिचा शोधू नका. दोरीच्या बाहेर राहा, गुडघ्यावर बसा, आणि सीतेची आसवं बघा.